टोपाचं झाकण आणि आठ सिलिंडर

मस्कतच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम तिथेच बौशरला राहणाऱ्या नेनेबाई बघतात. त्यांचा फोन आला तेव्हा मी एका पिकअपच्या दारावर हातोडी चालवत होतो. "तुमच्या आयुष्याचा प्रवास लिहून द्या," म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, प्रवास काय लिहायचा? कणकवलीहून निघालो, मस्कतला उतरलो, दुसऱ्या दिवशी कोणीतरी गाडीत घालून खाबुऱ्याला आणून सोडलं, तो अजून इथेच आहे. त्या म्हणाल्या, "बरं, गाड्यांबद्दल लिहा. पण कंटाळवाणं नको." त्याची हमी मी देत नाही. पण ज्या गाड्यांबद्दल लिहिणार आहे, त्या कधी कंटाळवाण्या नव्हत्या, एवढं नक्की.

मी डेंटर. गाडी ठोकली की पत्रा चेपतो. तो चेपलेला पत्रा होता तसा करून द्यायचा, हे माझं काम. लोकांना वाटतं, हातोडी घेतली आणि बडवलं की झालं. नुसतं बडवलं तर पत्रा पसरतो, आणि पसरलेला पत्रा मग जागेवर बसत नाही, बोट लावलं तरी डबडब वाजतो. म्हणून आतल्या बाजूने लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हलक्या हाताने ठोके द्यायचे आणि मधूनमधून डोळे मिटून तळहात फिरवायचा. डोळ्याला दिसत नाही तो उंचवटा तळहाताला लागतो. मग उरलेले खळगे भरायला पुट्टी, मग पाणी लावून कागदाने घासणं, मग प्रायमर आणि शेवटी रंग. खाबुरा समुद्राकाठी, त्यामुळे हवा दमट, आणि वारा फिरला की धूळ. रंग मारण्याआधी जमिनीवर पाणी मारून धूळ बसवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. पुट्टी जितकी कमी, तितका डेंटर चांगला, हे आमच्यातलं माप. माझी पुट्टी कमी लागते. हे मलाच सांगावं लागतंय, कारण डेंटर दुसऱ्या डेंटरचं कौतुक करत नाही.

आता त्या गाड्या. लांब नाकाच्या, दोन दरवाजांच्या, आठ सिलिंडरच्या जुन्या अमेरिकन गाड्या. पेट्रोल स्वस्त आणि रस्ते सरळ, त्यामुळे एके काळी इथे लोकांनी त्या हौसेने घेतल्या. इंजिन चालू केलं की आमच्या गॅरेजच्या छपराचा पत्रा थरथरायचा. माझा जोडीदार बाबल कुडाळचा, वायरिंगचं काम बघतो. तो या गाड्यांना रेडे म्हणतो. "रेडो इलो रे," अशी त्याची हाक आली की मी हातातलं काम ठेवून बाहेर यायचो, कारण रेडा बघायला मला मनापासून आवडायचं.

या गाड्या पहिल्या मालकाकडे असायच्या तेव्हा सरळ, सभ्य असायच्या. तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे गेल्या की त्यांचे खरे लाड सुरू व्हायचे. पहिल्या मालकाकडे पैसा, पुढच्यांकडे हौस. कंपनीचे सुटे भाग अमेरिकेहून कोण मागवणार? मग घरात, बाजारात, भावाच्या दुकानात जे हाताशी येईल ते गाडीवर चढायचं. एका मासळीवाल्याने डॅशबोर्डवर हिरवं प्लॅस्टिकचं गवत चिकटवलं होतं. उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडायचं आणि वाळवंटातून जाताना त्याला सगळीकडे भातशेती दिसायची. तो म्हणायचा, डोळ्यांना थंड वाटतं. दुसऱ्या एकाने आत झुंबर टांगलं होतं, काचेच्या लोलकांचं. स्पीडब्रेकर आला की मागे बसलेल्याच्या डोक्यात ते खळ्ळकन आपटायचं. ते काढून टाक म्हणून मी त्याला सुचवलं, तर त्याने मागच्या सीटवर कोणाला बसवणंच बंद केलं.

आपले लोकही मागे नव्हते बरं का. मस्कतमध्ये अल् खुवैरला एका मोठ्या कंपनीत रानडे म्हणून पुण्याचे साहेब होते. कॉलेजात असताना भिंतीवर अशाच गाडीचं चित्र लावलेलं, म्हणून पन्नाशी जवळ आल्यावर त्यांनी एक म्हातारा रेडा विकत घेतला. त्याला मागे जोड सायलेन्सर हवेत, असं त्यांना वाटलं. त्यांनी बाथरूमला वापरतात ते प्लॅस्टिकचे पाइप आणले, चंदेरी रंग मारला आणि खऱ्या सायलेन्सरच्या दोन्ही बाजूंना बसवले. मस्कतबाहेरच्या बरक्यापर्यंत पोचेतो ते वितळून शेवग्याच्या शेंगांसारखे लोंबायला लागले. तसेच लोंबते पाइप घेऊन साहेब माझ्यापर्यंत आले, कारण मस्कतमध्ये ओळखीच्या कोणी बघितलं असतं तर पंचाईत. मी ते काढायला लागलो तेव्हा म्हणाले, "पण परब, दिसत होते छान, हो की नाही?" मी म्हटलं, "दिसत होते साहेब." आणि खरंच, सुरुवातीला दिसलेच असणार. मी त्यांना लोखंडी बनवून दिले. ते आता पुण्यात असतात आणि दर दिवाळीला त्या पाइपांची आठवण काढतात.

बाहेरच्यांना एक गोष्ट समजावून सांगायला हवी. इथे गाडी जुनी झाली की दरवर्षी तपासणीला न्यावी लागते, तेव्हाच मुल्किया, म्हणजे गाडीची नोंदणी, पुढे चालू होते. आपली माणसं त्याला पासिंग म्हणतात. पासिंगला जाताना गाडी साधीसुधी हवी. जास्तीचे दिवे नकोत, काचेला काळं नको, सायलेन्सर बोंबलणारा नको, अंगावर धारदार काही नको. आता लाडावलेल्या रेड्याने पासिंगला जायचं कसं? यावर आमच्या सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, एक पद्धत होती. आमच्याकडे एक साधा सायलेन्सर, साधी काळी चाकं आणि दोन सपक मागचे दिवे असा एक सेट होता. पासिंगच्या दिवशी गाडीचे दागिने उतरवायचे, तो सेट चढवायचा, गाडी मान खाली घालून जाऊन यायची, आणि आल्यावर सगळं पुन्हा जागच्या जागी. तो एकच सेट किती गाड्यांना लागला असेल, देव जाणे. साखरपुड्याला शेजारणीची ठुशी घालून जातात, तसंच होतं ते. कायद्यात हे बसत होतं का, असं नेनेबाईंनी विचारू नये. आता ते सगळं बंद झालं आहे.

अबू हिलालची आणि माझी ओळख या पासिंगमधूनच झाली. अबू हिलाल म्हणजे हिलालचा बाप. इथे थोरल्या मुलाच्या नावावरून बापाला हाक मारतात. त्यांचं स्वतःचं नाव मला पुष्कळ वर्षं माहीतच नव्हतं. लिंबाच्या आणि खजुराच्या बागा, दोन्ही हातांवर विहिरीच्या पंपाचं काळं तेल आणि तोंडात आमच्यासारख्यांशी बोलून बोलून तयार झालेली हिंदी. त्यांची गाडी निळी. तिच्या बॉनेटवर त्यांनी लग्नाच्या भाताच्या मोठ्या टोपाचं झाकण अर्धं कापून, पालथं घालून, स्क्रूने आवळलं होतं. रेसच्या गाड्यांना हवा घ्यायला पुढे तोंड असतं ना, तसं ते दिसावं ही कल्पना. त्यातून हवा कुठेच जात नव्हती. बाबलने पहिल्यांदा ते बघितलं आणि माझ्या कानाशी लागला, "मेल्या, ह्यां तर टोपाचां झाकण. हँडलसुद्धा तसांच ठेवल्यानी."

एवढ्यावर भागलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी नारिंगी पट्टे, होडीला लावतात त्या रंगाचे, ब्रशने मारलेले. मागे डिकीवर पंख, तो मेहुण्याच्या दुकानातल्या ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या चौकटीतून कापलेला. सीटना दिवाणखान्यातल्या गाद्यांचं लाल मखमल आणि खाली सोनेरी झालर, ती बायकोने शिवलेली. आणि गियरच्या दांड्यावर दरवाजाची पितळी मूठ. मी ती गाडी एकदा रिव्हर्स घेतली तेव्हा कोणाच्या तरी खोलीत न विचारता शिरतोय असं मला वाटलं.

हसलो असेन, पण ती गाडी मला आवडायची. कारण सांगतो. अबू हिलालनी त्यातलं एकही काम दुसऱ्याकडून करून घेतलं नव्हतं. पत्रा कापला तो त्यांनी, भोकं पाडली ती त्यांनी. पासिंगच्या दिवशी आमच्या अंगणात स्वतः स्टूल टाकून बसायचे आणि एकेक स्क्रू काढून डोक्यावरच्या टोपीत ठेवायचे. मी फक्त सेट चढवायचा. पासिंग होऊन गाडी परत आली की त्याच दुपारी सगळं परत लावून मगच घरी जायचे. गॅरेजपासून घर अगदी जवळ, पण तेवढ्या रस्त्यावरसुद्धा उघडी गाडी चालवली नाही कधी. शेवटचा स्क्रू आवळून झाला की दोन पावलं मागे सरायचे आणि मला विचारायचे, "कैसा?" मी म्हणायचो, "एक नंबर." दरवर्षी तेच प्रश्न-उत्तर. आपण केलेल्या कामाकडे दोन पावलं मागे सरून बघणारा माणूस मला परका वाटत नाही.

मग त्यांचे गुडघे गेले. क्लच दाबवेना. गाडी बागेत खजुराखाली उभी राहिली, मुल्किया संपली, कोंबड्या बॉनेटवर बसायला लागल्या. मला वाटलं, संपलं. आणि मग हिलालचं लग्न ठरलं.

मुलगी बौशरची, वडील मोठ्या हुद्द्यावर. नवरीला घरी आणायला गाड्यांची रांग जाते, पुढे फुलं लावलेली गाडी. अबू हिलालनी घरात जाहीर केलं की नवरी माझ्या गाडीतून येईल आणि गाडी मी चालवीन. गुडघ्यांचं काय, असं विचारायची कोणाची टाप नव्हती. एका सकाळी भाच्याच्या ट्रकमागे दोरी बांधून त्यांनी गाडी आमच्या अंगणात आणली. तिच्या छपरावर कोंबडीचं पीस होतं. "बरब," ते म्हणाले. अरबीत प नाही, म्हणून इथे मी बरबच. "इंजिन देखो, ब्रेक देखो, पासिंग करो. उसके बाद सब वापस लगाएगा. मेरे बेटे की शादी है."

दोन दिवसांनी हिलाल एकटाच आला. अल् खुवैरला ऑफिसात नोकरी, पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, कडक इस्त्री, अत्तराचा वास. आमच्या तेलकट अंगणात तो पाऊल जपून ठेवत होता. वाईट मुलगा नव्हे. मला आधी सलाम केला, घरची चौकशी केली, मगच मुद्द्यावर आला.

"बरब भाई, पासिंग के लिए सब निकालना. लेकिन बाद में वापस मत लगाना."

"और अबू?"

"मैं बोलूँगा, पासिंगवालों ने मना किया. नया कानून आया."

"बॉनेट में स्क्रू के होल हैं."

"वेल्डिंग करके बंद करो. पूरा नया पेंट करो. एकदम कंपनी जैसा."

मग त्याने स्वतःच सांगायला सुरुवात केली. साखरपुड्याला बौशरला जायचं होतं तेव्हाही वडील ही गाडी चालू करायला निघाले होते. त्याने किल्ली तांदळाच्या पोत्यात लपवली. म्हाताऱ्याने अर्धा दिवस घर पालथं घातलं आणि शेवटी पुतण्याच्या गाडीत मागे बसून गेला. "उधर सब मोबाइल निकालेंगे," हिलाल म्हणाला. "वीडियो बनाएँगे. मुझ पर हँसेंगे तो हँसने दो. लेकिन अबू पर हँसेंगे, और अबू समझेगा कि तारीफ कर रहे हैं. वो मैं नहीं देख सकता."

मी इन्शाल्ला म्हटलं. आखातात राहून एवढं तर मी शिकलोच आहे. हो म्हणायचं नसेल आणि नाही म्हणता येत नसेल, तेव्हा हा शब्द फार कामाला येतो.

खोटं कशाला बोलू, हिलालच्या कामाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. इतकी वर्षं त्या झाकणाखाली, त्या पट्ट्यांखाली कसला पत्रा आहे, ते मी चोरून तळहात फिरवून बघितलं होतं. आजकालच्या गाडीचा पत्रा बोटाने दबतो. हा जाड, भरीव, ठोका दिला की घुमणारा. सगळं उतरवलं, होडीचा रंग खरवडला, भोकं बुजवली, तेव्हा ते लांबलचक नाक असं काही दिसायला लागलं की बाबलसुद्धा हातातली वायर सोडून बघत राहिला. मग म्हणाला, "बरां दिसता. पण झाकण काढलंस तर रेड्याची शिंगां गेली मरे." मी त्याला कामाला लावलं. त्या बॉनेटला मी पुट्टी जवळजवळ वापरलीच नाही. वारा पडल्याचं बघून एका पहाटे रंग मारला, आणि त्यावर एक कण धुळीचा बसला नाही. पुन्हा असं काम माझ्या हातून झालं नाही, पुढेही होईल असं वाटत नाही. पंख सोडून काढलेलं बाकी सगळं मी खताच्या एका रिकाम्या गोणीत भरून ठेवलं होतं, स्क्रू वेगळ्या पुडीत.

गाडी हिलालच घेऊन गेला आणि पासिंग पहिल्याच फेरीत झालं. अबू हिलाल काठी टेकत आले तेव्हा हिलाल आधीच येऊन उभा होता. म्हाताऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवरून हात फिरवला, जिथे भोकं होती नेमका तिथे, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. कामाला दाद दिली. मग म्हणाले, "यल्ला, अब लगाते हैं."

हिलालने ठरलेलं सांगितलं. बाप-लेक अरबीत बोलत होते, पण मला आता सगळं कळतं. नवा कायदा, पासिंगवाल्यांनी लिहून घेतलंय, परत लावलं तर मुल्किया रद्द. बोलताना तो वडिलांकडे न बघता चाकाकडे बघत होता. अबू हिलालनी शांतपणे ऐकलं. मग माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मैं तो गाड़ी ठोकता है अबू हिलाल, पासिंग में तो हिलाल गया था." हे खरंच होतं, पण त्याहून कमी खरं मी आयुष्यात बोललो नसेन. ते थोडे हसले. "ठीक है," म्हणाले. "हुकूमत बोलती है तो खलास." मग ती गोणी आणि पंख आपल्या पिकअपमध्ये टाकायला सांगितलं. गाडी लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत आमच्याकडेच राहणार होती, कारण बाबलचं एसीचं काम बाकी होतं.

जाण्याआधी ते नळावर हात धुवायला आले. हिलाल फोनवर बोलत होता. नळ चालू ठेवून ते मला हळूच म्हणाले, "बरब, इतने साल पासिंग किया. बाद में कौन देखता है, तू भी जानता है, मैं भी जानता है." मी मान खाली घातली. "इसको मत बोलना," ते म्हणाले. "इसकी शादी है. इसको अच्छा लगना चाहिए." आणि ओले हात दिशदाशाला पुसत निघून गेले.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बाबलला वाटलं, उन्हाने असेल. पण मला पुण्याचं घर आठवत होतं. माझ्या मुलाने तिथे फ्लॅट घेतला, तेव्हा मी सुट्टीला जाताना गाडीच्या पत्र्याचा एक चपलांचा स्टँड बनवून नेला होता, विमानात बसेल असा घडीचा. गाडीचाच लाल मेटॅलिक रंग, वर क्लिअरकोटचे तीन हात, चेहरा दिसेल असा. मुलगा म्हणाला, "बाबा, भारी आहे." सूनबाईंनीही फोटो काढला. पुढच्या सुट्टीत गेलो तर तो स्टँड बाल्कनीत एसीच्या खोक्याखाली होता आणि त्यावर फरशी पुसायची फडकी वाळत होती. "उन्हात रंग टिकलाय बघ," असं म्हणून मीच विषय बदलला. मुलाला वाईट वाटायला नको म्हणून. तो काही वाईट मुलगा नाही, त्याच्या दिवाणखान्यात ते शोभत नव्हतं, एवढंच. पण मला लागलं होतं. फार लागलं होतं. आणि मी ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आता हा अंक त्याच्याकडे गेला तर कळेल.

लग्नाच्या दोन दिवस आधी हिलाल गाडी बघायला आला. बॉनेटमध्ये त्याला स्वतःचा चेहरा दिसला. खूश झाला. माझा हात धरून म्हणाला, "माशाल्ला, बरब भाई. और अबू को कुछ पता नहीं चला."

मला गप्प बसायला सांगितलेलं होतं. मी शब्द दिला नव्हता, पण मान खाली घातली होती, आणि त्या माणसाने ती होकार समजूनच घेतली असणार. तरी माझ्याच्याने राहवलं नाही.

"हिलाल, तेरे अबू को सब पता है."

"तुमने बोला?"

"मैंने नहीं बोला. वो हर साल इधर बैठके निकालता था और उसी दिन वापस लगाता था. इतने साल. उसको कौन बोलेगा पासिंग का कानून? उसने बोला, हिलाल को मत बताना, उसको अच्छा लगना चाहिए."

हिलालने माझा हात सोडला. बॉनेटकडे बघत राहिला. मग आपल्या गाडीत बसून निघून गेला. सलामही केला नाही. बाबल म्हणाला, "तुका गप रवाक काय झाला होतां? आता लगीन मोडला तर?" लग्न कशाला मोडेल, मी म्हटलं. पण दुसऱ्याच्या घरात, बाप-लेकात, मी कशाला शिरलो? नवऱ्या मुलाचं तोंड लग्नात उतरलेलं राहिलं असतं आणि म्हाताऱ्याने झाकून ठेवलेलं माझ्यामुळे उघडं पडलं असतं. त्या रात्री मी उद्याची वाट बघत होतो आणि उद्या येऊ नये असंही वाटत होतं.

सकाळी गॅरेज उघडलं तर हिलालची नवी गाडी दारात उभी. तिच्या मागच्या खिडकीतून ॲल्युमिनियमचा पंख बाहेर आलेला. हिलालने दिशदाशाच्या बाह्या दंडापर्यंत चढवलेल्या, पायाशी घरून आणलेली ती खताची गोणी. "ड्रिल दो," म्हणाला.

मी बॉनेटकडे बघितलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम. "मैं लगा देता हूँ," मी म्हटलं, म्हणजे निदान भोकं नीट पडतील. तो म्हणाला, "नहीं. मैं." मी ड्रिल आणून दिलं आणि त्याने पहिलं भोक पाडलं तेव्हा दुसरीकडे बघितलं. आवाज ऐकूनच मला कळत होतं की त्याने आयुष्यात ड्रिल धरलेलं नाही. एकदा तर ड्रिलचं टोक घसरलं आणि माझ्या त्या आरशासारख्या रंगावर ओरखडा उठला. बाबलने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पट्ट्यांसाठी हिलालने होडीच्या रंगाचा डबा आणि ब्रशही आणला होता. नारिंगी ओघळ पत्र्यावरून खाली आले, ते त्याने उपरण्याने पुसले, आणि त्याचे हात कोपरापर्यंत नारिंगी झाले.

झाकणाचा शेवटचा स्क्रू राहिला असताना अबू हिलाल गाडी न्यायला आले. काठी टेकत अंगणात शिरले आणि थांबले. बाबल आणि मी बाजूला सरकलो. ते काही विचारतील, चिडतील, रडतील, काय ते कळेना. त्यांनी जवळ येऊन झाकणाकडे बघितलं, मग मान जरा कलती करून परत बघितलं.

"वाकडं बसवलंस," ते मुलाला अरबीत म्हणाले.

"वाकडंच होतं," हिलाल म्हणाला. ड्रिलवरून नजर वर न घेता. "डावीकडे. लहानपणापासून पुढच्या सीटवर बसून बघतोय मी."

म्हाताऱ्याने काठी माझ्या हातात दिली, पुडीतला शेवटचा स्क्रू शोधून काढला आणि मुलाच्या तळहातावर ठेवला.